बाळाजींचा ठेका आणि सुनेत्राची कंबर

जबलपूरजवळच्या खमरियात, फॅक्टरीच्या क्वार्टरच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीला टेकून, सुनेत्रा दाणी मोबाइलवर गाणी ऐकत होती आणि एकेका गाण्याला नाक मुरडत होती. एखादी बाई साड्यांच्या दुकानात गादीवर बसते, दुकानदार घामाघूम होऊन साडीवर साडी उलगडतो आणि ही आपली "दुसरी दाखवा" म्हणत राहते, तसं चाललं होतं. फरक एवढाच, की इथे दुकानदारही तीच आणि गिऱ्हाईकही तीच. त्यामुळे चिडायचं कुणावर, हाही एक प्रश्नच होता.

एका गाण्यात निम्मा वेळ नुसती व्हायोलिनं रडत होती. दुसऱ्यात ढोल झकास, पण मधेच एक गायक असा कळवळून ओरडायचा, की याच्या घरी काही बरंवाईट तर झालं नाही ना, असं वाटावं. त्या आक्रोशावर कंबर हलवायची कशी? तिसरं सगळ्या बाजूंनी चांगलं, पण इतकं लांब, की ते संपेस्तोवर प्रेक्षक घरी जाऊन जेवून परत आले असते. चौथं कुठल्याशा हिंदी सिनेमातलं. त्यात अरबी म्हणायला सुरुवातीचे चार ठोके, पुढे आपली लग्नाच्या वरातीतली धांगडधिंग.

नवरा अनिमेष फॅक्टरीतून येऊन, चहाचा कप घेऊन वर आला. थोडा वेळ त्याने हे ऐकलं.

"अगं, लाव ना कोणतंही. लोक काय गाणं पाहायला येऊन राहिले का?"

"लोक काय पाहायला येणार ते मला चांगलं माहीत आहे," सुनेत्रा म्हणाली. "म्हणूनच तर गाणं नीट पाहिजे."

अनिमेषने चहा संपवला आणि तो शहाण्या माणसासारखा खाली निघून गेला.

आता दाण्यांच्या घरची ही सून, शाळेत गणित शिकवणारी, संकष्टीला उपास करणारी, बेली डान्सच्या नादी लागली कशी, ते सांगायलाच हवं. लहानपणी ती आईबरोबर भजनी मंडळात टाळ वाजवायची. टाळ चुकला की आई भजन न थांबवता, गाता गाताच कोपराने ढोसायची. त्यामुळे लय तिच्या बरगड्यांतच बसलेली. पुढे लग्न झालं, मुलं झाली आणि पाठीने असहकार पुकारला. औषधं झाली, मालिश झालं, जमिनीवर झोपणं झालं. मग कुणीतरी सांगितलं, की सदरमध्ये, छावणीत, दीपा नावाची एक फौजी अफसराची बायको आहे, ती बायकांना पोटाचा आणि कंबरेचा असा काही व्यायाम शिकवते, की पाठदुखीचं नाव काढायचं काम नाही. सुनेत्रा व्यायाम म्हणून गेली. तो नाच आहे हे तिला दुसऱ्या आठवड्यात कळलं आणि तोवर उशीर झाला होता, कारण पाठ दुखायची थांबली होती आणि मन चालू लागलं होतं.

दीपाने तिला एक गोष्ट पक्की शिकवली होती. "वाद्य पुढे, तू मागे. ढोल जे बोलेल तेच कंबरेने दाखवायचं. ढोल गप्प, तर तू गप्प. स्वतःच्या मनाचं काही घुसवायचं नाही." सुनेत्राने हे ब्रह्मवाक्य धरलं. मग दीपाच्या नवऱ्याची बदली झाली, ट्रंका बांधल्या गेल्या आणि जाता जाता ती म्हणाली, "क्लास अब तुम सँभालो." अशा तऱ्हेने क्लास सदरच्या बंगल्यातून खमरियाच्या गच्चीवर आला.

गच्चीवर काय सुख होतं म्हणता! उन्हाळ्यात फरशी तव्यासारखी. थंडीत धुकं असं, की मागच्या रांगेतली बाई आली आहे की नाही ते हाक मारून विचारायचं. खालच्या मजल्यावरून काठीने छत ठोकलं जाई, तेही नेमकं बेतालात. शेजारणीची चादर तारेवर वाळत असे आणि हात पसरला की तिच्यात अडके. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, क्लास सुरू झाला की आजूबाजूच्या गच्च्यांवर पुरुषांना आपापल्या डिश अँटेना दुरुस्त करायची आठवण होई. एरवी महिनोन् महिने पडदा काळा राहिला तरी यांना फिकीर नाही. बायका येईनाशा झाल्या. उरल्या त्या इंदूताईंसारख्या खमक्या. इंदूताई म्हणजे रिटायर्ड हेडमास्तरीण. एका अँटेनावाल्याला त्यांनी भर क्लासमधून ओरडून विचारलं होतं, "काहून रे, दहावीत तू माझ्या हाताखाली होता ना?" तो माणूस पुन्हा दिसला नाही.

पण सगळ्याच बायका काही हेडमास्तरीण नसतात. हॉल मिळाला नाही तर हा क्लास उन्हाळ्यापर्यंत टिकणार नाही, हे सुनेत्राला स्वच्छ दिसत होतं. आणि हॉल होता. विजय नगरमध्ये, स्नेहवर्धिनी या मराठी मंडळाचा. छान पंखे, मोठा आरसा, सागवानी रंगमंच आणि सकाळच्या वेळी त्यात चिटपाखरू नाही. ती मंडळाच्या अध्यक्षांकडे, भय्यासाहेबांकडे गेली. भय्यासाहेब कधीपासून अध्यक्ष आहेत हे मंडळात कुणालाच नक्की आठवत नव्हतं. ते पंख्यासारखेच हॉलबरोबर आले असावेत.

"पोरी, माझं काही म्हणणं नाही," भय्यासाहेब म्हणाले. "पण कमिटीतले लोक नुसतं नाव ऐकूनच पाणी मागून राहिले. तू असं कर. जानेवारीच्या संमेलनात एक नाच करून दाखव. टाळ्या वाजल्या, की दुसऱ्या दिवसापासून हॉल तुझा. नाही वाजल्या, तर मग मला बोल लावू नको."

म्हणून ही गाण्यांची शोधाशोध. क्लासमध्ये रोजच्या सरावाला तिच्याकडे एक साधं रेकॉर्डिंग होतं. नुसता ढोल, ना गाणं ना चाल, पहिल्यापासून शेवटपर्यंत एका गतीने. इंदूताई त्याला फार वैतागायच्या. "किती दिवस हे धबडक धबडक? गिरणीत आल्यासारखं वाटून राहिलं."

"ताई, हा वरणभात आहे," सुनेत्रा सांगायची. "रोज तोच असतो म्हणून पचतो. रोज वेगळं गाणं लावलं, तर अंग शिकणार कधी?"

पण लोकांसमोर वरणभात वाढून कसं चालेल? तिथे गाण्याला चढउतार हवा. ऐन नाताळच्या सुट्टीत, रजईत पाय घालून बसली असताना, एकदाचं ते गाणं सापडलं. सुरुवातीला झुलत झुलत प्रवेश. मग ठेका. मग मधेच सगळं शांत आणि एकटी बासरी, जिच्यावर फक्त पोटाची एक संथ लाट न्यायची. आणि शेवटी ढोल, मोकळे, स्पष्ट, एकेका ठोक्यात श्वास घ्यायला जागा असलेले. ती रजई फेकून उठली आणि तिथेच नाचली. पुढे ते गाणं तिने इतकं घोटलं, की फोडणी देतानाही हिप त्या ठोक्यावर खाली यायची आणि अनिमेष म्हणायचा, "मोहरी तडतडली की तू तडतडली?"

पेनड्राइव्हमध्ये गाणं घालून ती मंडळात गेली. भय्यासाहेबांनी तो पेनड्राइव्ह झुरळ धरावं तसा दोन बोटांत धरला.

"हे काय?"

"माझं गाणं."

"रेकॉर्ड? अगं, आपल्या रंगमंचावर रेकॉर्ड लागत नाही. तुला माहीत नाही?"

तिला खरंच माहीत नव्हतं. पण नियम होता, आणि त्यामागे रामायण होतं. कॅसेटच्या जमान्यात एकदा एका मुलीने डोक्यावर घागर घेऊन नाच बसवला होता. ऐन रंगात टेपरेकॉर्डरने फीत गिळली. गाणं आधी घोगरं झालं, मग त्याचं म्हशीसारखं हंबरणं झालं, मग काहीच नाही. पोरगी घाबरून घागर धरून तशीच उभी. एका कमिटी मेंबरने पेन्सिल खुपसून फीत गुंडाळायला घेतली, दुसरा म्हणे उलटी गुंडाळा, दोघांची जुंपली, आणि घागर उतरवायची आठवण कुणालाही झाली नाही. शेवटी पोरगी रडू लागली, तिची आई स्टेजवर चढली आणि तिने पेन्सिलवाल्याला जे काही सुनावलं, ते त्या वर्षीच्या सगळ्या कार्यक्रमांत सर्वात रंगलं असं जुने लोक सांगतात. तेव्हापासून ठरलं. स्नेहवर्धिनीच्या रंगमंचावर जे होईल ते आपल्या माणसांच्या जिवंत साथीवर होईल.

"पेटी मी धरतो," भय्यासाहेब म्हणाले. "आणि तबल्याला आपले बाळाजी आहेतच. चलो, काळजी मिटली!"

काळजी तिथूनच सुरू झाली.

बाळाजी मोठे भले गृहस्थ. पांढराशुभ्र कुर्ता, खिशात अडकित्ता, हात अजून लोण्यासारखा. जबलपुरात ज्या मराठी घरी मंगळागौर, बारसं, सत्यनारायण झाला आणि बाळाजींचा तबला वाजला नाही, असं घर नाही. सुनेत्राने मोबाइलवर आपलं गाणं ऐकवलं. त्यांनी डोळे मिटून मान डोलावली.

"अरे, हा तर आपला केरवाच आहे! थोडा विदेशात जाऊन आला, बस."

"काका, यात मधे मधे जागा रिकामी आहे बघा. तिथे काही वाजवायचं नाही. तिथे मी पोटाने करते."

"बिलकुल, बेटा. समजलं."

आणि वाजवायला बसले की रिकामी जागा दिसली रे दिसली, की बाळाजींचं बोट तिथे पोचायचं. एखाद्या घरी पंगतीत मोकळी जागा दिसली की यजमान आणखी एक पाहुणा बसवतो, तसं. ठोक्यांच्या मधे ठोके, त्यांच्याही मधे लग्गीचे बारीक, झरझर बोल, आणि वर तोच तुकडा तीनदा वाजवत एक लांबलचक तिहाई घेऊन "आता ये समेवर!" असं डोळ्यांनी सांगायचे. भय्यासाहेबांची पेटी तर एकच सुरावट घेऊन गोल फिरत होती, घाण्याच्या बैलासारखी. बासरी गेली, लाट गेली, झुलता प्रवेश गेला.

बरं, हेही सुनेत्राने गिळलं असतं. पण एक विचित्र प्रकार व्हायला लागला. नाच सुरू व्हायचा चांगल्या गतीत. आणि मग गती हळूहळू उतरायची. आणखी उतरायची. शेवटी अशी वेळ यायची, की एक ठोका पडला, आता दुसरा पडेल की जेवून घ्यावं? रोज हेच. इंदूताई समोर खुर्चीत बसून तालीम पाहत. एके दिवशी त्या म्हणाल्या, "मला एक सांगा, तुम्ही दोघं नाचून राहिले की एकमेकांना झोपवून राहिले?"

"ही हळू होते," बाळाजी म्हणाले. "मी काय करू?"

"मी? काका, हळू तुम्ही होता!"

"बेटा, मी आयुष्यभर कथकला साथ केली. नाचणारीच्या पायावर माझी नजर असते. ती जशी जाईल तसा मी जातो. तिच्या पुढे एक पाऊल टाकत नाही. हीच तर साथ!"

आता सुनेत्राला उलगडा झाला. म्हणजे ती त्यांच्या हाताकडे कान लावून थांबलेली, आणि ते तिच्या कंबरेकडे डोळे लावून थांबलेले! दोघंही मागे. पुढे कुणीच नाही. दारात दोन सभ्य माणसं "आधी तुम्ही, आधी तुम्ही" करत तासभर उभी राहावीत आणि घरात कुणीच शिरू नये, असा मामला.

"काका, तुम्ही माझ्याकडे बघू नका," ती म्हणाली. "तुम्ही आपलं तुमचं वाजवा. मी येते मागून."

"न बघता?" बाळाजींचा चेहरा उतरला. "न बघता तर घड्याळ पण वाजतं. मग मी काहून पाहिजे?"

तरी तिने धीर करून विचारलं, "पाठ करून बसाल का?"

झालं. बाळाजींनी तबल्यावर खोळ चढवली. अडकित्ता खिशात टाकला. "स्टेजवर पाठ करून तर तिकिटं फाडणारा पण बसत नाही," असं म्हणून ते चालते झाले.

त्या दिवशी सुनेत्राने घरी येऊन कणीक मळली, ती अशी की अनिमेष स्वयंपाकघरात आलाच नाही. एका बाजूला तिचं गाणं मोबाइलमध्ये तयार, अंगात भिनलेलं, आणि ते लावायचं नाही. दुसऱ्या बाजूला साथ आहे, जी साथच करत राहते. हॉल तर हवा. आणि त्यासाठी कुणाच्या तरी मागे तर जायला मिळायला हवं!

तोडगा काढला इंदूताईंनी. मुलं आणि पालक दोघांनाही हाताळलेली बाई ती. त्या बाळाजींच्या घरी गेल्या, चहा प्यायल्या आणि म्हणाल्या, "लोक म्हणून राहिले, की बाळाजींचे हात कधी दिसतच नाहीत, ते नेहमी कोपऱ्यात. या वेळी तुम्ही स्टेजच्या अगदी पुढे बसा. मधोमध. लोकांकडे तोंड करून. सुनेत्रा नाचेल मागे."

बाळाजींनी आढेवेढे घेतले, पण ते चहा थंड होईपर्यंतच. पुढे बसायचं म्हणजे सन्मान. आणि पुढे बसलेल्याची पाठ आपोआप मागे होते, यात कुणाचा काय दोष?

संमेलन रविवारी दुपारी झालं. हॉल गच्च. सुनेत्राने नाचाला साजेसा, पण कमिटीला पाणी मागावं लागणार नाही असा पायघोळ घागरा आणि लांब हातांचा ब्लाउज घातला होता. कंबरेला दीपाने दिलेला घुंगरांचा रुमाल. पुढे मधोमध बाळाजी, नवीन कुर्त्यात, नवरदेवासारखे. बाजूला भय्यासाहेब आणि पेटी.

आणि काय वाजवलं त्या माणसाने! समोर लोक, मागचं काही दिसत नाही, त्यामुळे हात मोकळा सुटला. लय बांधलेली. सुनेत्रा मागून निघाली आणि पहिल्यांदाच तिला धरायला काहीतरी मिळालं. ठोका पडला, कंबर पडली. घुंगरू वाजले. पहिल्या रांगेतल्या बायका पुढे सरकल्या. कुणीतरी "वा!" म्हटलं.

घात झाला तो त्या "वा"ने. बाळाजींनी हसून मान लववली, आणि तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं, की हे लोक माझ्याकडे बघतच नाहीत. सगळ्यांचे डोळे माझ्या डोक्यावरून मागे कुठेतरी जाऊन राहिले. मागे असं आहे तरी काय? त्यांनी स्वतःला खूप आवरलं. शेवटी मान वळवलीच. दिसली कंबर, आणि आयुष्यभराची खोड जागी झाली. हात तिच्या मागे गेला. ती त्यांच्या मागे होती. गती उतरली, आणखी उतरली.

सुनेत्राची कानशिलं तापली. इतके दिवस घोटलेलं सगळं डोळ्यांदेखत पुन्हा त्याच खड्ड्यात चाललं होतं, आणि हॉलही. पुढचं तिने ठरवून केलं नाही, आपोआप झालं. ती थांबली. हात वर, एक पाय पुढे, पापणीसुद्धा हलेना. आता बघा काय बघायचं ते!

बाळाजी बघत राहिले. मागे जायला काही नाही म्हटल्यावर हातही थांबला. पेटीचा घाणा थोडा फिरला आणि तोही थबकला. सगळा हॉल चिडीचूप. मागच्या रांगेतल्या कुण्या भाबड्याला वाटलं, संपलं. त्याने टाळी वाजवली. त्याला लागून दुसऱ्याने.

टाळी ऐकून बाळाजी झटकन पुढे वळले. आपल्यालाच दाद मिळाली! मग काय विचारता. बाह्या सारून त्यांनी अशी लग्गी सोडली, की कुठे बोट शिरायला जागा नाही. सुनेत्राला हव्या होत्या त्या मोकळ्या जागा यात औषधाला नव्हत्या. पण ती आता इतकी चिडली होती, की तिने मोकळी जागा शोधायचं सोडून दिलं आणि त्या सगळ्या गर्दीवर कंबर थरथरवत सुटली. बारीक, अखंड, न थांबता. घुंगरांचा नुसता पाऊस. कुठल्याही अरबी गाण्यात हे असं नव्हतं. बाळाजींनी तिहाई घेतली आणि लहानपणी कोपराने ढोसून शिकवलेली सम तिने बरोबर पकडली.

टाळ्या खूप वाजल्या. बाळाजी उठले आणि त्यांनी सगळ्या दिशांना नमस्कार केला.

दुसऱ्या दिवशी सुनेत्रा हॉलची किल्ली मागायला गेली. भय्यासाहेबांनी चष्मा पुसला.

"टाळ्या वाजल्या, ते खरं. पण त्या कुणासाठी वाजल्या, यावर कमिटीत दोन मतं पडली."

"भय्यासाहेब!"

"ऐक तर. हॉल दिला तुला. सकाळचा. पण साथ बाळाजींची."

आता मात्र सुनेत्राने हात जोडले. "भय्यासाहेब, कार्यक्रमाला काका चालतील, मी मान्य करते. पण सरावाला रोज तंतोतंत तेच वाजलं पाहिजे. एकच ठोका हजार वेळा. काकांनी एक गोष्ट दोनदा सारखी कधी वाजवली आहे का?"

"नाही," भय्यासाहेब अभिमानाने म्हणाले.

"मग?"

बराच खल झाला. शेवटी असं निघालं, की रेकॉर्डला बंदी आहे ती रंगमंचावर. खाली, जिथे खुर्च्या रचून ठेवतात तिथल्या फरशीवर काय लागतं, याच्याशी रंगमंचाचा संबंध नाही. मोठा आरसा वर होता, सागवानी लाकूड वर होतं, पंखे वर होते. खाली खुर्च्यांच्या दोन उतरंडी आणि त्यांच्या मधे बायका. सुनेत्रा दातओठ खात हो म्हणाली. निदान इथे अँटेना नव्हत्या.

पहिल्या सकाळी तिने स्पीकर लावला. धबडक धबडक सुरू झालं. इंदूताईंनी उसासा टाकला. एवढ्यात दार उघडलं आणि बाळाजी आले, एक खुर्ची ओढून, नुसते ऐकायला म्हणून बसले.

"हा तबलजी कोण? जिवंत आहे का?"

"काका, क्लास चालू आहे."

"चालू दे, चालू दे. मी कुठे बोलून राहिलो."

थोड्या वेळाने सुनेत्राच्या लक्षात आलं, की मागच्या रांगेतल्या बायकांची कंबर स्पीकरच्या मागे नाही, दुसऱ्याच कशाच्या तरी मागे चालली आहे. तिने वळून पाहिलं. बाळाजींची दोन बोटं खुर्चीच्या पाठीवर, प्रत्येक मोकळ्या जागेत.

"काका!"

"मी नाही, बेटा. खुर्ची वाजून राहिली."

सुनेत्राने स्पीकरचा आवाज आणखी वाढवला आणि पहिल्या ठोक्यापासून पुन्हा सुरू केलं.